मणी बारीक राहू द्यायचे होते

फेब्रुवारी लागला की कंधारच्या बसस्टँडसमोर द्राक्षांचे गाडे उभे राहतात आणि मी माझा रस्ता बदलते. शाळेतून घरी यायला स्टँडवरचा रस्ता जवळचा, पण हे दोन महिने मी किल्ल्याच्या अंगानं वळसा घालते. डोकं तापलं तर तापू दे. परवा मात्र गुडघ्यानं दगा दिला म्हणून नाइलाजानं तिकडून आले, तर गाडेवाल्यानं नेमका घड उचलून माझ्या तोंडासमोर धरला. "चाखून तर बगा बाई, नुस्ती साखर हाय." अंगठ्याच्या पेराएवढे लांब मणी, तुकतुकीत, एकसारखे, कुठं डाग म्हणून नाही. मी म्हणाले, "नको बाबा, दात दुखून राहिलेत." माझे दात ठणठणीत आहेत. मला द्राक्षं बघवत नाहीत, एवढंच. पण ते त्या बिचाऱ्याला सांगून काय उपयोग?

मी भूगोल शिकवते. भूमध्य सागरी प्रदेशाचा धडा दरवर्षी येतो. पाऊस कधी? हिवाळ्यात. उन्हाळा कसा? कोरडा. पिके कोणती? ऑलिव्ह, अंजीर, द्राक्षे. व्यवसाय? द्राक्षांपासून मद्य तयार करणे. 'मद्य' शब्द आला की मागच्या बाकांवर खसखस पिकते, मी डोळे वटारते, आणि पुन्हा शांतता. एके काळी हा धडा मी चार-चार दिवस रंगवून शिकवायचे. फळ्यावर नदी काढायचे, नदीकाठच्या खडकाळ उतारावर वेली काढायचे, पोरांना सांगायचे की तिकडं चांगली वाइन भुसभुशीत भारी जमिनीत होत नाही, दगडातली मुळं खोल जातात तिथं होते. एकदा एक पोरगी उठून म्हणाली होती, "बाई, मंग आपल्याकडं पण व्हईल की!" मला इतका आनंद झाला की मी तिला फळ्यापाशी बोलावून वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. आता तो धडा मी दहा मिनिटांत उरकते आणि स्वाध्याय लिहायला सांगते.

ही सगळी माहिती माझी नव्हे, माझ्या भावाची. मिलिंद माझ्याहून आठ वर्षांनी धाकटा. माय गेली तेव्हा तो चौथीत होता, त्यामुळं त्याची निम्मी आई मीच. आमचं गाव औशाच्या पुढं, लातूर जिल्ह्यात. पोरगं बारावीनंतर नाशिककडं गेलं आणि एका वायनरीत लागलं. आधी टाक्या धुतल्या, फरशा पुसल्या, मग हळूहळू रस, साखर, आंबणं, लाकडी पिंपं, सगळं शिकलं. सुट्टीला यायचा तेव्हा ओसरीवर बसून सांगायचा आणि मी ज्वारी निवडता निवडता ऐकायचे. जॉर्जिया नावाच्या देशात म्हणे हजारो वर्षांपासून मातीचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात आणि त्यात द्राक्षाचा रस आंबवतात. आमच्या पेवात ज्वारी राहायची ना, तसंच. फ्रान्समध्ये दीडशे वर्षांमागं मुळं खाणारा एक किडा आला आणि बागाच्या बागा वाळून गेल्या. मग अमेरिकेतल्या रानटी वेलीच्या खुंटावर तिथल्या जातींची कलमं बांधली तेव्हा कुठं वाइन वाचली. "आन आपल्या बागंत तरी काय हाय अक्का?" तो म्हणायचा. "खाली रानटी खुंट आन वर कलम. आपण त्यांचे भाऊबंदच."

आबांची मात्र खरी गंमत झाली ती बोर्डोवरून. आबा म्हणजे आमचे वडील. वीजमंडळात लाइनमन होते, खांबावर चढून चढून तळपायांना घट्टे पडलेले. नोकरी सांभाळून त्यांनी वीस वर्षं द्राक्षबाग केली, त्यामुळं बोर्डो त्यांना पाठ. मोरचूद आणि चुना मिसळला की निळं बोर्डो तयार होतं, ते पानांवर मारलं की डाऊनी हा बुरशीचा रोग आटोक्यात येतो, हे आमच्याकडच्या प्रत्येक बागायतदाराला माहीत. आबांच्या बनियनवर ते निळे डाग कायमचे. एक दिवस मिलिंद म्हणाला, "आबा, बोर्डो हे औषधाचं नाव न्हाई, गावाचं हाय. फ्रान्सातलं. जगातली सगळ्यात नावाजलेली वाइन तिथं व्हती." आबांना पटेना. मग त्यानं सगळी कथा सांगितली. तिथले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळं मारायचे, का, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून. विषारी दिसावं एवढाच हेतू. आणि मग ध्यानात आलं की नेमक्या रस्त्याकडेच्या वेलींनाच रोग लागत नाही. आबा डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसले. "म्हंजे मी इतके दिवस दारूच्या गावाचं नाव घिऊन फवारून राहिलो व्हय!" म्हणाले, आणि पुढं आठवडाभर जो भेटेल त्याला ते सांगत सुटले.

दारू आमच्या घरात कधी शिरली नाही. आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला, तेव्हापासून रोज सकाळी वंदना आणि पाच शीलं. पाचवं शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं. आबा ते म्हणताना जरा जोरात म्हणायचे, कारण वस्तीतली चार घरं त्यांनी डोळ्यांदेखत बाटलीत बुडताना पाहिली होती. मग अशा माणसाच्या पोरानं येऊन म्हणावं की मला आपल्या रानात वाइनची द्राक्षं लावायची आहेत, तर काय होईल? मला वाटलं, घरात आगडोंब उसळणार. तसं काही झालं नाही. आबा दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मी पिणार न्हाई, तूबी पिऊ नको. चव घिऊन थुकून टाकतेत म्हणतोस, तर थुक. दहा गुंठे घे, कोपऱ्यातले." असा बाप लाखात एखाद्याला मिळतो, हे मी तेव्हाच मिलिंदला सांगितलं होतं आणि त्याला ते तेव्हा पटलंही होतं.

तो गावी राहायला आला आणि त्यानं शिराज लावलं. हे वाइनच्या काळ्या द्राक्षाचं नाव. आबा म्हणाले, "नाव तर मुसलमानी वाटून राहिलंय." मिलिंदनं सांगितलं की इराणात त्या नावाचं शहर आहे, पण या द्राक्षाचं आणि त्या शहराचं खरंच काही नातं आहे की नाही यावर लोक अजून भांडतात. वायनरीच्या साहेबांनी त्याला शब्द दिला होता. दहा गुंठ्यांतला माल चांगला उतरला तर त्याचं एक पिंप वेगळं ठेवू आणि त्या बाटल्यांवर तुझ्या गावाचं नाव घालू. एक पिंप! त्या एका पिंपासाठी माझा भाऊ अडीच वर्षं वेलींच्या पायाशी बसून होता. "लातूर म्हटलं की लोकांला भूकंप आठवतो, न्हाईतर पाण्याची रेल्वे," तो म्हणायचा. "एकदा तरी चव आठवावी, अक्का." वेलीला थोडं तहानलेलं ठेवलं की रस दाट होतो, असंही त्यानं सांगितलं. मी म्हणाले, मग काळजीच नको, तहानेच्या बाबतीत आपला जिल्हा कुणाला ऐकत नाही. तो खळखळून हसला.

आणि एक गोष्ट त्यानं मला दहादा सांगितली होती. मणी बारीक राहिले पाहिजेत. खायच्या द्राक्षाचा मणी फुगवायचा असतो, वाइनच्या द्राक्षाचा नाही. रंग, वास, चव, सगळं सालीत. मणी बारीक असला की रस कमी आणि साल जास्त. फुगवला की नुसतं पाणी. "कुणी कायबी म्हणू दे, मणी बारीकच राहू द्यायचे," हे त्याचं पालुपद. मी ते वर्गात शिकवलेलं आहे. म्हणून कुणी मला असं म्हणू नये की तुला माहीत नव्हतं. मला चांगलं माहीत होतं.

आता आबांची बाग काय होती ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आजोबांनी दुसऱ्याच्या बांधावर उभी हयात सालगडी म्हणून काढली आणि कुठूनतरी कसंतरी करून चार एकर रान केलं. त्या रानात आबांनी खायच्या द्राक्षांची बाग लावली. तालुक्याच्या प्रदर्शनात त्यांच्या घडाचा पहिला नंबर आला होता. ज्या घरांतून आजोबांना ओंजळीत वरून पाणी ओतायचे, त्या घरांतली माणसं पिशव्या घेऊन आमच्या बांधावर उभी राहायची आणि म्हणायची, "दोन किलो द्या की, तुमच्यावाणी मणी औशाच्या बाजारात बी मिळत न्हाई." घड कापून पिशवीत ठेवताना आबा तो आधी उजेडात धरून फिरवायचे. मोठा मणी ही त्यांची मिजास नव्हती, त्यांची मान होती. ती वर राहिली होती ती त्या मण्यांमुळं.

त्या वर्षी शिराज पहिल्यांदा भरघोस लागलं. माल धरला तो डिसेंबर मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. सकाळी पानांवर इतकं दव, की ओळीतनं चालताना साडी गुडघ्यापर्यंत भिजायची. ऊन वर आलं की चुन्याचा ओला वास. लांबवर कुठंतरी उसाच्या गाड्यांचे घुंगरू. आमचा शिराजचा कोपरा नेमका बाजाराच्या वाटेला लागून. वाटेनं जाणारे थांबायचे, डोकावायचे. आबांच्या बागेतले घड बघायची सवय लागलेली ती माणसं. त्यांना ते बारके वाटाणे दिसायचे. एक जण बैलगाडीवरूनच ओरडला, "काय ओ आबा, पोरानं नाशकाहून शेळीच्या लेंड्या आणल्या काय?" गाडीतले सगळे फिदीफिदी हसले. दुसऱ्या दिवशी ते पारावर गेलं, तिसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत. लेंड्यांची बाग. शिकून आला आन बापाची बाग बिघडवली. मिलिंद तेव्हा पिंपाचं ठरवायला आठ दिवसांसाठी नाशिकला गेलेला. त्याच्या कानावर यातलं काही आलं नाही, आणि तो परतल्यावर तोंडावर कुणी बोललं नाही.

मला शाळेला जोडून सुट्ट्या होत्या. अहमदपूरला गाडी बदलून मी गावी पोचले तर आबा हौदापाशी बादलीत औषध कालवत बसले होते. स्पिरिटचा वास मी लांबूनच ओळखला. तो जीएचा वास, मणी फुगवायच्या औषधाचा. आबा म्हणाले, "बरं झालं आलीस. ते कोपऱ्यातले घड तेवढे बुडवून घिऊ दोघं." मी विचारलं, "आबा, मिलिंदनं सांगितलंय का?" ते बादलीतली काठी फिरवत राहिले. "त्याला काय इचारायचं. एकच बुडवणी. मापात." हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मला कळत होतं की हे उत्तर नव्हे. बावीस वर्षं मी पोरांना सांगत आलेय की उत्तर मिळेस्तोवर प्रश्न सोडायचा नाही, आणि मी स्वतः काय केलं? पदर खोचला आणि औषधाचा मग हातात घेतला.

दोन दिवस लागले. एकेक घड मगात बुडवायचा, थोडा हलवायचा, वर काढून तारेला हलका झटका द्यायचा, म्हणजे जास्तीचं पाणी निथळतं. आबा ओळीच्या त्या बाजूला, मी या बाजूला. मध्ये नुसती पानं. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, हात तेवढे दिसायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पानांपलीकडून म्हणाले, "सुजाता, मला हसले असते तर चाललं असतं. मी लई हसणं ऐकलंय. माझ्या पोराला हसून राहिलेत गं." मला तेव्हा भाऊ आठवला नाही, वाइन आठवली नाही, मला फक्त माझा म्हातारा बाप दिसला आणि मी भराभर घड बुडवत सुटले. खरं सांगायचं तर शेवटच्या चार ओळी मी एकटीनं बुडवल्या. आबा दमून बांधावर बसले होते आणि मीच म्हणाले होते, तुम्ही बसा, मी करते.

संक्रांतीला मी पुन्हा गेले. मण्यांत पाणी भरायचे दिवस. मिलिंद शिराजच्या ओळीत उभा होता, हातात एक घड. मणी चांगलेच फुगले होते, काही मोठे, काही हरभऱ्याएवढेच राहिलेले, रंग फिका, साल पातळ. त्यानं आबांना हाक मारली. "आबा, घड बुडवले का?" "हाव." "का?" आबांनी एक वाळकं पान खुडलं. मी त्यांच्या शेजारीच उभी. मिलिंदचा आवाज चढला. "पाचवं शील आडवं आलं का? दारूचं पाप लागंल म्हणून मुद्दाम केलं ना? तोंडावर न्हाई म्हणायचं व्हतं मग! दहा गुंठे द्यायचे कशाला?" आबांनी एकदा माझ्याकडं बघितलं, फार थोडा वेळ, आणि मग म्हणाले, "हाव. तसंच समज."

मी त्यांच्या मागं हौदापर्यंत गेले. रडतच विचारलं, आबा, खरं का नाही सांगितलं? ते तोंडावर पाणी मारत होते. "काय सांगू? गाव तुझ्या बागंला लेंड्या म्हणत व्हतं म्हणून? त्याला ऱ्हायचंय अजून या गावात. बापावर चिडला तर चिडू दे, निवंल." मग पंच्यानं तोंड पुसून म्हणाले, "आन तू तुझं नाव काढू नको. दोघांवर बी चिडला तर त्यानं जायाचं कुणाकडं? एक तरी घर राहू दे त्याला." मी हो म्हणाले. त्या एका 'हो'मध्ये मला सोयही होती, हे आज कबूल करते. भावाच्या नजरेतून उतरायची माझी तयारी नव्हती. बापाच्या मायेच्या आड मी लपले.

मार्चमध्ये वायनरीचे साहेब आले. सभ्य माणूस. ओळीतनं फिरले, दोन-चार मणी तोंडात घातले, साली बोटांनी चोळून बघितल्या, थुंकले, रुमालानं हात पुसले. "यात रंग उतरणार नाही मिलिंद," एवढंच बोलले आणि चहा न घेताच गेले. मिलिंदनं संध्याकाळी बॅग भरली. आबा ओसरीवर खांबाला टेकून बसले होते. तो त्यांच्या पायांपुढून गेला पण थांबला नाही. मी स्टँडपर्यंत त्याच्याबरोबर गेले. गाडीत बसताना त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "या घरात माझं म्हणून तूच एक हायस, अक्का." त्या हाताला स्पिरिटचा वास येत असेल का, असं वेड्यासारखं माझ्या मनात आलं.

जीएचा फटका एका वर्षावर थांबत नाही. पुढच्या हंगामात त्या दहा गुंठ्यांत निम्म्या काड्या वांझ निघाल्या, घडच लागले नाहीत. आबांनी तरी एक वेल उपटू दिली नाही. छाटणी केली, बोर्डो मारलं, पाणी मोजून दिलं. त्याच्या पुढच्या वर्षी शिराज पुन्हा लागलं. बारीक, काळंभोर. वाटेवरचे हसले असतील, नसतील, आबांनी घडाला हात लावला नाही. मला फोन आला, "सुजाता, त्याला सांग, मणी बारीक हायत म्हणावं. एकदा येऊन बग म्हणावं." मी मिलिंदला सांगितलं. तो म्हणाला, "आता कशाला?" तसं दरवर्षी झालं. दरवर्षी आबा मला तो निरोप द्यायचे, मी पोचवायचे, आणि तिकडून तेच उत्तर. शिराज वेलीवरच सुकायचं, पाखरं खायची.

फ्रान्समध्ये म्हणे बाटलीवर वर्षाचं साल छापतात. त्या सालचा पाऊस, ऊन, गारठा, सगळं त्या चवीत उतरतं, आणि म्हातारी माणसं घोट घेऊन सांगतात की हे अमुक सालचं, त्या वर्षी उन्हाळा लांबला होता. मिलिंदनं सांगितलं तेव्हा मला ते फार आवडलं होतं. आता वाटतं, काय करायचं आहे ती साठवणूक? आमच्या घरात एक साल आहे, ते कुणी बाटलीत भरलं नाही तरी जसंच्या तसं राहिलंय. त्यातलं दव, चुन्याचा वास, पानांपलीकडचा तो आवाज, काही म्हणता काही उडून गेलं नाही.

आबा मागच्या वर्षी गेले. पोळ्याच्या आधी, दोन दिवसांच्या तापात. मिलिंद आला. सात वर्षांनी त्या ओसरीवर चढला. वस्तीतली सगळी माणसं जमलेली, पांढऱ्या साड्या, पांढरी धोतरं, मेणबत्त्या. वंदना सुरू झाली. पहिलं शील, दुसरं, तिसरं, चौथं. पाचव्याला मिलिंदचा आवाज बंद पडला. सगळे म्हणत होते, तो तोंड मिटून उभा. लोकांना वाटलं, बापाच्या दुःखानं गळा दाटला. मला माहीत होतं ते काय आहे. तेव्हाच, तिथंच, मी त्याच्या दंडाला धरून सांगायला हवं होतं. आबांचा चेहरा अजून उघडा होता. मी सांगितलं नाही. माणसं होती, घाई होती, पाऊस होता. कारणांना काय तोटा?

परवा गाडेवाल्याला दात दुखतात म्हणून सांगून घरी आले आणि तासाभरात मिलिंदचा फोन आला. तिकडं तोडणी सुरू झाली की तो दरवर्षी फोन करतो. मागं रस काढायच्या यंत्राचा आवाज. इकडचं तिकडचं बोलला, आणि मग म्हणाला, "काल माझी मुलगी इचारत व्हती, आजोबा कसे होते. मी म्हटलं, देवमाणूस व्हते. फक्त तुझ्या बापाचं एक सपान त्यांनी मुद्दाम मारलं."

मुद्दाम. सहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात आता तो शब्द जाऊन बसला. मी बोलायला लागले. लेंड्या, पार, गिरणी, बादली, औषधाचा मग. पानांपलीकडून आबा काय म्हणाले ते. हौदापाशी काय म्हणाले ते. शेवटच्या चार ओळी कुणी बुडवल्या ते. काही म्हणून ठेवलं नाही.

यंत्राचा आवाज लांब गेला. तो चालत कुठंतरी बाहेर आला असावा. मग हळूच म्हणाला, "माझ्या पोराला हसून राहिलेत, असं म्हणाले?"

"हो."

"अक्का, ते फोन करायचे मला."

"कोण?"

"आबा. तू सांगायचीस मणी बारीक हायत म्हणून, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा स्वतःचा यायचा. दरवर्षी. मागच्या वर्षी तर तीनदा आला. मी उचलला न्हाई."

मला हे ठाऊक नव्हतं. आबांनी मला कधी कळू दिलं नाही. मी म्हणाले, मिलिंद, माझ्यावर चीड, मला शिव्या दे, काहीतरी बोल.

"तू तेव्हा सांगितलं असतंस ना," तो म्हणाला, अगदी साध्या आवाजात, चिडून नाही, "तर मी उचलला असता." आणि थोडं थांबून पुन्हा, "मी उचलला असता गं अक्का." मग तो रडायला लागला, माय गेली तेव्हा रडला होता तसा, श्वास अडकत. तेव्हा मी त्याला पोटाशी धरून अंगणभर फिरवलं होतं. आता मी फोन कानाला घट्ट दाबून नुसती उभी राहिले. त्याच्याजवळ तिथं कुणी होतं की नाही, मला कळलं नाही.